आपत्तीच्या कलमावर विसंबलेला व्यापार

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीपासून उद्योजकांच्या मेळाव्यांत, व्यापारी संघटनांच्या कार्यशाळांत आणि अर्थविषयक सदरांत एक सल्ला सतत दिला जातो. संकटात करार सांभाळायचा असेल तर त्यात ‘फोर्स मेजर’चे, म्हणजे माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीचे कलम भक्कम हवे. भूकंप, पूर आणि युद्ध यांच्यापुढे आता साथ, टाळेबंदी, बंदर बंद पडणे, सायबर हल्ला हेही लिहून टाका. यादी जेवढी लांब तेवढे तुम्ही सुरक्षित. आणि संकट आले की पहिल्याच दिवशी वकिलामार्फत नोटीस धाडा. सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे आणि असे कलम करारात असावे याबद्दल वादही नाही. माझा आक्षेप या कलमावर टाकल्या जाणाऱ्या भरवशाला आहे. भारतीय न्यायालयांनी गेल्या सत्तर वर्षांत काय म्हटले आणि २०२० नंतर प्रत्यक्षात काय घडले, हे दोन्ही पाहिले तर हा भरवसा फोल ठरतो. संकटात करार तगतात ते दोन्ही पक्षांनी ते वेळेत, लेखी आणि ठरावीक मुदतीपुरते बदलून घेतल्यामुळे. हे काम उद्योजकाचे आणि त्याच्या खरेदी-विक्री विभागाचे आहे. कलमाच्या भरवशावर ते टाळले की नुकसान होते, आणि ते बहुधा दोघांतल्या लहान पक्षाच्या वाट्याला येते.

आधी कायदा काय देतो ते पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ‘फोर्स मेजर’ हा शब्दच नाही. करारात असे कलम असेल तर त्याचा विचार कलम ३२ खाली होतो: अमुक घटना घडली तर अमुक परिणाम, अशी ती अट असते. करारात तशी तरतूद नसेल तर कलम ५६ उरते. करार झाल्यानंतर काम अशक्य किंवा बेकायदा झाले तर करार रद्दबातल होतो, असे ते सांगते. ‘अशक्य’चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर या खटल्यात लावला; निकाल १९५४ च्या अहवालांत छापलेला आहे. कलकत्त्याजवळच्या एका वसाहतीची जमीन दुसऱ्या महायुद्धात सरकारने लष्करी कामासाठी ताब्यात घेतली. रस्ते-गटारे करून भूखंड द्यायचे कबूल केलेली कंपनी म्हणाली की करार आता संपला. न्यायालयाने ते मान्य केले नाही. शब्दशः अशक्यता सिद्ध करावी लागत नाही, हे न्यायालयाने जरूर सांगितले. पण कराराचा पायाच उखडला गेला पाहिजे, ही कसोटीही घालून दिली. सरकारी ताबा तात्पुरता होता, कामाला करारात कडक मुदत नव्हती, शिवाय तो काळच युद्धाचा होता. म्हणून करार कायम राहिला. आजही मोजपट्टी तीच आहे.

आता संकटात उद्योजकाचे खरोखर काय होते ते आठवा. काम अशक्य क्वचितच होते. ते महागते, लांबते, किंवा करायला खेळते भांडवल उरत नाही. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली. त्याआधी एप्रिलमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून पाहिले होते, तरी भाव चढतच राहिला. आधीच्या भावाने सुताचे किंवा कापडाचे सौदे करून बसलेल्या इचलकरंजी-भिवंडीच्या माणसाला तेव्हा सूत मिळत नव्हते असे नाही. मिळत होते, पण त्या दराने घेऊन ठरल्या किमतीत कापड देणे म्हणजे घरचे पैसे घालणे होते. अशा माणसाला आपत्तीचे कलम काय देते? काहीच नाही. अलोपी परशाद विरुद्ध भारत सरकार या १९६० च्या निकालात लष्कराला तूप पुरवणाऱ्या एजंटांनी युद्धकाळात परिस्थिती पालटली म्हणून जादा मोबदला मागितला होता. भाव अनपेक्षितपणे चढले-उतरले म्हणून करार सुटत नाही, असे न्यायालयाने ठणकावले. साठ वर्षांनी, मे २०२० मध्ये, साउथ ईस्ट एशिया मरीन इंजिनिअरिंग विरुद्ध ऑइल इंडिया या प्रकरणात आसाममधल्या खोदकामाच्या कंत्राटदाराने डिझेलच्या सरकारी दरवाढीची भरपाई कायद्यातील बदलाच्या कलमाखाली मागितली. लवादाने ती दिली, पण सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. ठरीव दराचे कंत्राट घेताना इंधन महागेल हे गृहीत धरलेले असते, हा त्यामागचा विचार. म्हणजे लहान उद्योजकाला ज्या जोखमीने सर्वाधिक ग्रासले आहे, नेमकी तीच या कलमाच्या कक्षेबाहेर आहे. यादीत आणखी दहा आपत्ती लिहून ती कक्षा रुंदावत नाही.

यादी लांबवण्याच्या सल्ल्यात दुसरा धोका आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. कलम लिहितो कोण? मोठा खरेदीदार आपला छापील मसुदा पुढे करतो आणि पुरवठादार सही करतो. परदेशी विक्रेता आपल्या अटी पाठवतो आणि आयातदार ऑर्डर जाऊ नये म्हणून त्या मान्य करतो. याचे फळ मुंबई उच्च न्यायालयात ८ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी लागून जेमतेम दोन आठवडे झाले असताना दिसले. स्टँडर्ड रिटेल विरुद्ध जी. एस. ग्लोबल कॉर्प या प्रकरणात दक्षिण कोरियातून पोलाद मागवणाऱ्या भारतीय आयातदारांनी टाळेबंदीमुळे करार पाळता येत नाही, म्हणून बँकेने एलसीचे, म्हणजे पतपत्राचे, पैसे चुकते करू नयेत, अशी मागणी केली. करारात आपत्तीचे कलम होते, पण ते फक्त विक्रेत्याच्या बाजूने लिहिलेले होते. न्यायालयाने ते वाचून दाखवले आणि दिलासा नाकारला. विक्रेत्याने माल जहाजावर चढवून आपला वाटा पुरा केला होता, पोलाद अत्यावश्यक वस्तूंत मोडत होते, टाळेबंदी मर्यादित काळाची होती, आणि एलसी हा बँकेशी झालेला स्वतंत्र व्यवहार होता. एवढी कारणे एकाच निकालात एकत्र आली. कलम होते, ते भक्कमही होते, फक्त ते दुसऱ्याचे होते. शिवाय कलम नसण्यापेक्षा अपुरे कलम असणे कधीकधी अधिक घातक ठरते. एखादी घटना करारातल्या तरतुदीत बसत असेल तर परिणामही त्या तरतुदीप्रमाणेच होतात आणि कलम ५६ चा आधार मिळत नाही, हे आता पक्के झाले आहे. ज्या कलमात ‘साथ आल्यास पुरवठादाराला ३० दिवसांची मुदतवाढ मिळेल, अन्य कोणतीही सवलत नाही’ असे लिहिले आहे, तिथे पुरवठादाराने स्वतःचा हक्क स्वतःच्या सहीने तीस दिवसांपुरता केलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की कलम नीट लिहिलेले असेल तर ते चालते. अगदी खरे आहे, आणि त्याचे उदाहरणही आहे. नाफेडने १९८० साली जिनिव्हाच्या अलिमेंटा कंपनीशी शेंगदाण्याच्या निर्यातीचा करार केला होता. सरकारी आदेशाने निर्यात बंद झाली तर करार, निदान त्याचा उरलेला भाग, रद्द समजावा असे कलम त्यात स्पष्ट होते. सरकारने परवानगी नाकारली, माल गेला नाही, लंडनमध्ये लवाद झाला आणि तो नाफेडच्या विरुद्ध गेला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ते कलम नाफेडच्या बाजूने लागू केले आणि तो निवाडा भारतात अमलात आणता येणार नाही असे ठरवले. निकालाची तारीख होती २२ एप्रिल २०२०. करारापासून चाळीस वर्षे. नाफेडसारखी देशव्यापी संस्था चाळीस वर्षे खटला चालवू शकते. लासलगावचा किंवा तासगावचा निर्यातदार चार हंगामही काढू शकणार नाही. कलम बरोबर ठरणे आणि कलम वेळेवर उपयोगी पडणे यांतले हे अंतर सल्ला देणारे विसरतात.

हा सगळा मुद्दा ज्या एका प्रकरणात सर्वाधिक स्पष्ट होतो ते म्हणजे मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांचे. टाटा पॉवरच्या कंपनीने ४,००० मेगावॅटचा प्रकल्प प्रतियुनिट सुमारे २ रुपये २६ पैशांच्या सरासरी दराने जिंकला. वीज घेणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. हिशेब इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशावर बांधलेला होता. २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला, कोळशाची विक्री आंतरराष्ट्रीय दराशी जोडली आणि जुन्या करारांनाही वर्षभरात ते लागू केले. टाटांचा आणि शेजारच्या अदानींच्या प्रकल्पाचा हिशेब एकाच वेळी कोसळला. मग वाद सुरू झाला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये भरपाईचा दर मंजूर केला, अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ही हाताबाहेरची आपत्ती मानली, आणि ११ एप्रिल २०१७ रोजी एनर्जी वॉचडॉग प्रकरणात न्या. रोहिंटन नरिमन यांनी लिहिलेल्या निकालाने ते सारे उलटवले. कोळसा महाग होणे ही आपत्ती नव्हे. इंडोनेशियाचा कायदा म्हणजे करारातला ‘कायद्यातील बदल’ नव्हे. भारतीय कोळशाच्या धोरणात झालेल्या बदलापुरता मात्र दिलासा मिळेल, असा तो निकाल. कायद्याच्या दृष्टीने तो काटेकोर होता. त्यानंतर काय झाले हे अधिक शिकण्यासारखे आहे. २०१८ मध्ये गुजरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती आर. के. अगरवाल यांची उच्चाधिकार समिती नेमली आणि तिने करारच दुरुस्त करावेत असे सुचवले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की करारदुरुस्तीचा प्रस्ताव आयोगापुढे न्यायला २०१७ चा निकाल आड येत नाही. आणि मे २०२२ मध्ये विजेची टंचाई भासताच केंद्राने २००३ च्या वीज कायद्यातील कलम ११ वापरून आयात कोळशावरच्या प्रकल्पांना पूर्ण क्षमतेने चालण्याचे आदेश दिले आणि वाढीव इंधनखर्च दरात धरण्याची सोय करून दिली. देशातले सर्वोत्तम वकील, लांबच लांब कलमे आणि अनेक वर्षांचा खटला, एवढे झाल्यावर गाडी आली ती वाटाघाटीच्या टेबलावर. तिथे ती पहिल्याच वर्षी आणता आली असती, तर ग्राहकाचे आणि उत्पादकाचे दोघांचेही किती भले झाले असते!

सरकारने स्वतःच्या कंत्राटांबाबत करोनाकाळात काय केले, तेही याच दिशेने बोट दाखवते. १९ फेब्रुवारी २०२० रोजी, भारतात टाळेबंदीचा विचारही नव्हता तेव्हा, अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने ज्ञापन काढून करोनामुळे पुरवठासाखळी तुटणे ही नैसर्गिक आपत्ती मानता येईल असे कळवले. त्याच ज्ञापनाने बजावले की हे कलम कामातून मुक्ती देत नाही, फक्त आपत्ती असेतोवर काम थोपवते. नोटीस घटना घडताच द्यावी लागते, मागाहून हक्क सांगता येत नाही. १३ मेच्या दुसऱ्या ज्ञापनाने एक पाऊल पुढे टाकले. ज्यांचे काम १९ फेब्रुवारीपर्यंत रखडलेले नव्हते अशा कंत्राटदारांना तीन ते सहा महिन्यांची मुदतवाढ विनादंड द्यायची. म्हणजे प्रत्येक कंत्राटदाराने आपत्ती सिद्ध करावी असे न म्हणता सरकारने सरसकट करारच बदलले. जिथे हे झाले नाही तिथे विलंबदंड कापले गेले, अनामती जप्त झाल्या, आणि पुढे २०२३ मध्ये ‘विवाद से विश्वास’ योजनेखाली सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना जप्त रकमेचा ९५ टक्के भाग परत देण्याची वेळ आली. परतफेड झाली हे चांगलेच. पण ज्या कारखान्याला ती रक्कम २०२० मध्ये पगारासाठी हवी होती, त्याला ती तीन वर्षांनी मिळाली. दोन पानांच्या पुरवणी कराराने जे वेळेत झाले असते, त्यासाठी केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा करावी लागली.

मग करायचे काय? उत्तर करार कायद्यातच आहे आणि ते आपत्तीच्या कलमापेक्षा किती तरी उपयोगी आहे. कलम ६२ प्रमाणे दोन्ही पक्ष मिळून जुन्या कराराच्या जागी नवा करार करू शकतात किंवा जुना बदलू शकतात. कलम ६३ तर आपल्या कायद्याची खास देणगी आहे. ज्याला काम करून घ्यायचे आहे तो समोरच्याला मुदत वाढवून देऊ शकतो, कामाचा काही भाग माफ करू शकतो, आणि त्यासाठी वेगळा मोबदला लागत नाही. या दोन कलमांवर उभा राहणारा पुरवणी करार साधा असतो: अमुक तारखेपर्यंत मालाचे हप्ते असे, दर असा, विलंबदंड या काळापुरता स्थगित, त्यानंतर मूळ अटी आपोआप पूर्ववत. पण तो लेखी हवा आणि वेळेत हवा. फोनवर ‘बघू, सांभाळून घेऊ’ म्हटल्याने काही बदलत नाही. उलट गप्प बसणे खरेदीदारालाही महागात पडते. मुदतीचे महत्त्व असलेल्या करारात उशिरा आलेला माल भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना न देता स्वीकारला, तर कलम ५५ प्रमाणे त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. आणखी एक बाब उद्योजक हमखास विसरतात. करारामागे बँक हमी किंवा कोणाची जामीनकी असेल आणि जामीनदाराच्या संमतीविना अटी बदलल्या, तर कलम १३३ प्रमाणे बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार सुटतो. म्हणून पुरवणी करारावर बँकेची संमती घ्यायलाच हवी. ती नसेल तर खरेदीदार सही करायला बिचकतो आणि ते रास्तही आहे. संकट व्यवस्थापन म्हणतात ते हेच. कुठल्या तारखेला कोणता आदेश आला, कोणता ट्रक कुठे अडला, किती कामगार हजर होते, किती माल तयार होता, याच्या रोजच्या नोंदी ठेवायच्या, आणि जेवढे काम शक्य आहे तेवढे करत राहायचे. हे ज्याने केले, तो न्यायालयात गेला तरी भक्कम असतो आणि बहुधा त्याला जावेच लागत नाही.

संकट येण्याआधी करारात काय लिहावे, याचेही उत्तर आपत्तींच्या यादीत नाही. ते दोन साध्या तरतुदींत आहे. पहिली भावबदलाची. सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे १८ महिन्यांहून लांब पुरवठा असलेल्या करारांत भावबदलाचे कलम घालता येते. कच्चा माल आणि मजुरी यांचे मूळ दर, निर्देशांक आणि कमाल मर्यादा त्यात ठरवून देता येतात. जे सरकारला जमते ते खासगी खरेदीदाराला का जमू नये? आणि गेल्या पाच-सहा वर्षांतले भाव पाहता अठरा महिन्यांची ती मर्यादा सरकारनेही खाली आणायला हवी. दुसरी तरतूद फेरवाटाघाटीची: खर्च किंवा कालावधी ठरल्या टक्क्यापलीकडे गेला तर एकाने लेखी मागणी केल्यापासून इतक्या दिवसांत दोघांनी बसायचे, तोवर काम चालू ठेवायचे, जमले नाही तर मध्यस्थाकडे जायचे. नाशिकच्या कांदा निर्यातदारांना हे सर्वांत आधी पटायला हवे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीनदा केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. तिसऱ्यांदा तीच गोष्ट घडते तेव्हा ती अकल्पित होती असे कुठल्या तोंडाने सांगणार? परदेशी ग्राहकही ते ऐकून घेणार नाही. जी घटना पुन्हा पुन्हा येणार हे ठाऊक आहे, तिच्यासाठी करारात ठरलेली कृती हवी: निम्मा माल नंतरच्या महिन्यात, किंवा अमुक सूत्राने तडजोडीची रक्कम. शिवाय डिसेंबर २०२३ च्या बंदीत अधिसूचनेपूर्वी जहाजावर चढू लागलेल्या किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेलेल्या मालाला सवलत होती. कागदपत्रांवरच्या तारखा ज्याच्याकडे चोख, त्याचा कंटेनर सुटला.

या भूमिकेवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की शब्द दिला तो पाळलाच पाहिजे; फेरवाटाघाटीची मुभा दिली की संकटाचे निमित्त करून लबाड माणूस दर वाढवून घेईल, करारावर कोणाचा विश्वास राहणार नाही. धोका खरा आहे. पण लबाडाला गाळायची चाळणी अवघड नाही आणि आपल्याकडे ती वापरलीही गेली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये हॅलिबर्टन विरुद्ध वेदांत प्रकरणात बँक हमीला संरक्षण नाकारले, कारण राजस्थानच्या तेलक्षेत्रांतले काम आदल्या सप्टेंबरपासूनच रखडलेले होते. जुन्या कसुरीवर साथीचे पांघरूण घालता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. अर्थ मंत्रालयाची १९ फेब्रुवारीची सीमारेषाही तेच करते. वाढीव दर मागणाऱ्याने कच्च्या मालाची बिले उघड करावीत आणि वाटाघाटी चालू असताना काम थांबवू नये, एवढ्या दोन अटी घातल्या की खोटी मागणी टिकत नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये आपल्या नागरी संहितेत कलम ११९५ आणले. अकल्पित बदलामुळे करार अतोनात जड झाला तर पक्षाला फेरवाटाघाटी मागता येतात, मात्र तोवर करार पाळावाच लागतो. जर्मनीच्या संहितेत कलम ३१३ तर २००२ पासून आहे. त्या देशांत शब्दाची किंमत कमी झालेली नाही. दिवाळखोर झालेला पुरवठादार शब्द पाळू शकत नाही, ही गोष्ट मात्र त्यांनी ओळखली.

दुसरा आक्षेप वकिलांचा. पुरवणी करार मागणे म्हणजे आपली बाजू लंगडी असल्याची कबुली देणे, पुढे तेच पत्र न्यायालयात आपल्यावर उलटेल. ही भीती अनाठायी आहे. हक्क राखून, पुराव्यात वापरले जाणार नाही या स्पष्ट अटीवर केलेली तडजोडीची बोलणी दिवाणी प्रकरणात कबुली म्हणून वापरता येत नाहीत, असे पुराव्याचा कायदा सांगतो. पत्राच्या माथ्यावर तसे लिहिले की पुरे. पुरवणी करारातही ‘मूळ करारातील अन्य सर्व हक्क अबाधित’ असे एक वाक्य घालता येते. उलट पहिल्याच दिवशी कडक नोटीस गेली की समोरच्याचा व्यवस्थापक फाइल आपल्या विधी विभागाकडे सरकवतो, दोन्ही कारखान्यांतली रोज बोलणारी माणसे बोलणे बंद करतात, आणि जो प्रश्न आठवड्यात मिटला असता तो लवादाकडे जातो. नोटीस द्यावी, मुदतीत द्यावी, कारण उशिराची नोटीस हक्क घालवते. पण त्याच लिफाफ्यात पुरवणी कराराचा मसुदाही असावा.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग देणारा वीस कामगारांचा मालक वाटाघाटी मागणार कोणाकडे? समोरचा बसलाच नाही तर? हे मी नाकारत नाही. ताकदीची ही तफावत चांगल्या सल्ल्याने मिटत नाही, ती कायद्यानेच कमी करावी लागते. काही हत्यारे आज आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून वजावट मिळेनाशी झाली, आणि त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे लेखाविभाग पहिल्यांदाच खडबडून जागे झाले. यातून धडा स्पष्ट मिळतो: मोठ्याला बसवायचे तर न बसण्याची किंमत त्याच्या हिशेबात दिसली पाहिजे. म्हणून करार कायद्यात फेरवाटाघाटीचे कर्तव्य आणावे. लघुउद्योगाशी केलेल्या करारात खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर वाटाघाटी नाकारणाऱ्याला त्या काळाचा विलंबदंड वसूल करता येऊ नये, एवढे जरी लिहिले तरी चित्र पालटेल. ब्रिटनच्या कॅबिनेट कार्यालयाने मे २०२० मध्ये संकटकाळातल्या जबाबदार करारवर्तनाचे मार्गदर्शन काढले होते. ते बंधनकारक नव्हते आणि म्हणूनच अपुरे होते. आपण ती उणीव भरून काढू शकतो.

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरजही नाही. महाराष्ट्रातल्या व्यापारी आणि औद्योगिक संघटना एकेकट्या उद्योजकाला कलमांचे वर्ग घेण्यापेक्षा आपापल्या धंद्याचा प्रमाण पुरवणी करार मराठीत तयार करू शकतात: यंत्रमागाचा, द्राक्ष-कांदा निर्यातीचा, वाहनांच्या सुट्या भागांचा, बांधकामाचा. संघटनेचा मसुदा पुढे आला की एकट्या पुरवठादाराला तोंड उघडायची भीती उरत नाही, आणि खरेदीदारालाही आपण एकट्यालाच झुकते माप देतो आहोत असे वाटत नाही. राज्य सरकार आपल्या निविदांत भावबदल आणि फेरवाटाघाटी यांची तरतूद आजही घालू शकते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पुढचे संकट साथीचे असेल, समुद्रमार्गाचे असेल की एका रात्रीत निघालेल्या अधिसूचनेचे, हे आज सांगता येत नाही. त्या दिवशी उद्योजकाने आपत्तीच्या यादीत आपले संकट शोधत बसण्याऐवजी समोरच्याला त्याच आठवड्यात लेखी प्रस्ताव धाडावा. तो प्रस्ताव स्वीकारणे किंवा कारण देऊन नाकारणे समोरच्यावर कायद्याने बंधनकारक व्हावे. व्यापार सुरळीत ठेवण्याची हमी यातूनच मिळेल. ती मागण्याचा हक्क लहान उद्योजकाला आहे आणि ती देणे कायदेमंडळाचे काम आहे.